न घेतलेलं माप

दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्याने मान्यता दिली आणि शिंप्याचं डोकं फिरलं. "कायदा काहीही म्हणो, मला हे पटत नाही," त्याने मुलाला तोंडावर सांगितलं. मुलाचा लग्नाचा कोट शिवायला घेतला, पण त्याच्या जोडीदाराचं माप घ्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून त्याला कशातच चैन पडेना. गळ्यातली टेप काढायचा, पुन्हा अडकवायचा. नीट घातलेली शिवण उसवायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी बायको दुकानात आली, तर खुंटीला दोन कोट. दुसऱ्याचा उजवा खांदा किंचित उतरता, हुबेहूब त्या जोडीदारासारखा. "अहो, माप कधी घेतलंत?" शिंपी खेकसला, "बारा वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसून जेवतोय तो. माप कसलं घ्यायचंय?" मग टेप गळ्यातून ओढत म्हणाला, "पण मी नाही म्हटल्यापासून वाळलाय लेकाचा. बोलाव त्याला, कंबर आत घ्यावी लागेल."