बाबांची अंजिरं

तज्ज्ञांनी अंजीर मधोमध कापलं आणि गप्प झाले.

पानं बघताना त्यांचं तोंड थांबत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर पानं पसरून, भिंग लावून त्यांनी सगळं मोजलं होतं. पाच बोटांचं पान, बोटांमधल्या खाचा खोल, पाठ खरखरीत. घराणं चांगलं दिसतंय, असं ते म्हणाले, तेव्हा स्थळ बघायला आल्यासारखेच वाटले होते.

समोर आई पेन उघडून बसली होती. तिला वाणाचं नाव हवं होतं. बाहेर परसात भिंतीला लागून पत्र्याचे डबे रांगेने मांडलेले होते. प्रत्येकात या झाडाची एक काडी रुजवलेली आणि प्रत्येकावर एक कोरी चिठ्ठी. एक डबा मुलीच्या नव्या घरासाठी, एक मुलाला, एक नणंदेला, एक शेजारणीला, एक पोस्टमनला. बाबांनी ज्यांना आयुष्यात एक अंजीर दिलं नाही, त्या सगळ्यांना आई आता आख्खं झाड देणार होती. बाबा गेले त्याला हिवाळा उलटला होता आणि आई अजून रडली नव्हती. डबे गोळा करण्यातून तिला वेळच मिळाला नव्हता.

माणूस तसा वाईट नव्हता. ताटातला शेवटचा घास मुलांना देणारा, दुसऱ्याला छत्री देऊन स्वतः भिजत येणारा. फक्त अंजिरांच्या बाबतीत राक्षस. फळं मऊ पडायला लागली की घर उठायच्या आत टोपली घेऊन जायचे आणि झाडाखाली एकटेच बसून खायचे. मुलीने खिडकीतून कितीदा तरी बघितलं होतं. एकेक, डोळे मिटून. तिला वाटायचं, काय चवीने खातात. मग आत येऊन तोंड पुसत सांगायचे, "गोड आहेत. कोणाला मिळणार नाहीत." पाहुण्यांसमोरसुद्धा. आत्याने त्यावरून वर्षभर बोलणं टाकलं होतं. पक्षीही त्या झाडाकडे फिरकायचे नाहीत. घरात म्हणायचे, पक्ष्यांनाही बाबांची भीती वाटते. मुलाने लहानपणी एकदा एक फळ चोरून चावलं, तेव्हा तोंडात कापूस कोंबल्यासारखं झालं. बाबांनी आयुष्यात एकदाच त्याच्या थोबाडीत दिली. कच्चं तोडलंस, म्हणाले.

खरं तर झाड आईचं. लग्न होऊन येताना ती माहेरच्या झाडाखाली बीपासून उगवलेलं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. त्या रोपाचं झाड होऊन पहिली फळं धरली, त्याच वर्षी तिची आई गेली. मागोमाग माहेरचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने तिथलं झाड तोडलं. ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बोलणं नाही, धड खाणं नाही. एकदाच म्हणाली, अंजिरं आलीत ना, ती आणा, माझ्या आईचं आता तेवढंच उरलंय. बाबा ताटली घेऊन बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा ताटली रिकामी होती आणि ते काहीतरी चावत होते.

"फार गोड होती," ते म्हणाले. "राहवलं नाही."

ती महिन्यानंतर पहिल्यांदा उठून बसली, ती भांडायला. ते भांडण पुढे दर हंगामात झालं. बाबा दरवर्षी हरायचे आणि दरवर्षी अंजिरं खायचे.

तज्ज्ञांनी कापलेला भाग पुन्हा भिंगाखाली धरला. आत पांढरट भुसा होता, वरच्या भोकाजवळ पिवळी पूड. त्यांनी घसा खाकरला.

"हे कधी कोणी खाल्लंय का?"

"बाबांनी," मुलगी म्हणाली. "बाकी कोणाला मिळालंच नाही."

"किती खाल्ली?"

"सगळी."

तज्ज्ञांनी भिंग खाली ठेवलं. मग चाचरत सांगितलं, की हे अंजिराचं नर झाड आहे. नुसत्या पानावरून ते कळत नाही, फळ कापल्यावर कळतं. फळ मऊ पडतं, पण त्यात ना रस धरत ना गोडी. आत असते ती परागांची पूड. ती दुसऱ्या झाडांच्या कामाची, माणसाच्या नाही. चुकून कोणी एखादं खाईल, दुसरं खाणार नाही. तुमच्या वडिलांना चव कळत होती ना, असंही त्यांनी अदबीने विचारलं. मुलगी म्हणाली, भाजीत चिमूटभर मीठ कमी असलं तरी पहिल्या घासाला कळायचं.

मुलाचा हात आपोआप गालाकडे गेला.

आईने पेनाला टोपण लावलं. खिडकीतून डब्यांच्या रांगेकडे बराच वेळ बघितलं. मग हात पुढे करून अंजिराचा अर्धा भाग उचलला. तज्ज्ञ "अहो, नका..." म्हणेपर्यंत तो तोंडात गेला होता. ती चावत राहिली. ओठांना पिवळी पूड लागली. घास काही उतरेना. डोळे भरून वाहायला लागले, तरी चावणं थांबलं नाही. मग तिने उरलेला अर्धाही उचलला.

"आई," मुलीने घाबरत विचारलं, "कसं आहे?"

आईने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "कोणाला मिळणार नाही."