वरातीची चाल

मिस्त्रीनं इंजिनातला झिजलेला कॅमशाफ्ट बाजूला टाकला आणि दोन नवे टेबलावर ठेवले. "काकू, हा बसवला तर तुमची जुनी अमेरिकन गाडी मुंगीच्या पावलानंही चालेल. हा दुसरा शर्यतीचा. गाडी सुसाट पळेल, पण हळू चालवली की आचके देऊन बंद पडेल."

"पहिलाच टाक," माझ्या आधी माझे दीर बोलले. "माझ्या पोराची वरात याच गाडीतनं काढायचीय."

ह्यांनी जाण्याआधी गाडी माझ्या नावावर केलेली. कालच भाऊजींनी मला बजावलं होतं, "वहिनी, दादा नाहीत आता. नवरदेवाला ओवाळायला तुम्ही पुढं येऊ नका, बरं दिसत नाही."

मी शर्यतीचा कॅमशाफ्ट उचलून मिस्त्रीच्या हातात दिला. तेलकट बोटं पदराला पुसली.

"हा बसव."

"अहो वहिनी, मग वरात?"

"घोडं बघा, भाऊजी."