खडूची केबिन

"एवढ्या जागेत मी कूस तरी कशी बदलणार, ते सांग."

बाबा खडूच्या रेघांच्या आत उभे होते. जहाजातली केबिन त्यांनी बैठकीच्या फरशीवर बरोबर मापात आखली होती. पलंग, कपाट, बाथरूमचं दार, बाहेरची गॅलरीसुद्धा. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाचा फोटोंवर विश्वास बसत नाही.

"आणि याच खुराड्यासाठी मोठ्या जहाजाच्या तिप्पट पैसे," मुलगी म्हणाली. ती नुकतीच बसमधून उतरून आली होती. नेहमीप्रमाणे आधी गार पाणी पिऊन, डोळे मिटून थोडा वेळ बसली होती.

"मोठ्या जहाजात हजारो माणसं. जेवायला रांग, पोहायला रांग. इथे मोजकी शंभर. दोघांमागे एक वेटर."

"त्या वेटरचं तुम्ही काय करणार? त्याचं डुगडुगणारं स्टूल नीट करत बसाल."

बाबा हसले नाहीत, पण मिशी हलली. "दारू फुकट आहे."

"तुम्ही पीत नाही."

"म्हणजे तेवढे पैसे पाण्यात."

दर रविवारी हेच चाले. आई होती तोवर या दोघांचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. ती गेली आणि फोनवर "जेवलात?" "जेवलो" एवढंच उरलं. मग एकदा वर्तमानपत्रातून लहान जहाजाच्या आलिशान सफरीचं ब्रोशर खाली पडलं. "बघ तरी," बाबा म्हणाले. तिने बघितलं आणि म्हणाली, "शुद्ध लूट आहे." बाबांना ते पटलं नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा संध्याकाळपर्यंत थांबली.

त्यानंतर दर महिन्याला टपालाने नवं ब्रोशर येऊ लागलं. तेही दोन-दोन.

"एका घरात दोन कशाला पाठवतात हे लोक?" बाबा म्हणत.

"बिनडोक आहेत," ती म्हणे, आणि त्यातलं एक ओढून घेई. मग दोघं समोरासमोर बसून, आपापलं ब्रोशर उघडून भांडत. लाटांचे फोटो आले की बाबा पटकन पान उलटत. किंमत परवडते का, या प्रश्नाशी गाडी कितीदा तरी येऊन थांबायची आणि तिथेच थांबायची.

त्या रविवारी मात्र तिला दुसरंच काही सांगायचं होतं. ग्रंथालयात तिची बढती हुकली होती आणि ज्याला ती मिळाली त्याला पुस्तकं आकाराप्रमाणे लावावीत असं वाटत होतं. बाबांना ते ऐकवून दोघांनी मिळून त्या माणसाला नावं ठेवावीत, अशी तिची इच्छा होती. पण बाबांनी तिच्या हाती मापाच्या टेपचं टोक दिलं आणि दुपार गॅलरी मोजण्यातच गेली.

"वर्कशॉप विकल्याचे पैसे नुसते पडून आहेत," बाबा तिच्याकडे निरखून बघत म्हणाले. "भरून टाकू का?"

तिचं डोकं सटकलं.

"भरा! एकदाचे भरा आणि सोडवा मला या जहाजातून!"

बाबांनी टेप सावकाश गुंडाळली. "पुढच्या रविवारी ठरवू," ते म्हणाले. ती धड निरोप न घेताच निघाली.

सोमवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

भेटायला येणाऱ्यांच्या खुर्च्या खडूच्या पलंगावर, खडूच्या कपाटात मांडल्या गेल्या. कुणीतरी रेघा पुसायला ओलं फडकं आणलं. तिने ते हातातून काढून घेतलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा दोन ब्रोशर आली. बाबांच्या नावाने. तिने कंपनीला फोन लावला. आधी संगीत, मग हे बटण दाबा, ते बटण दाबा, मग पुन्हा तेच संगीत. तिसऱ्यांदा फोन आपोआप बंद झाल्यावर ती दोन्ही पाकिटं घेऊन सरळ त्यांच्या ऑफिसात गेली.

"ही पाठवणं बंद करा," तिने पाकिटं काउंटरवर आपटली. "माणूस गेला. आता तरी पुरे करा. एकट्या म्हाताऱ्याला गाठून भरीस घालता, लाज नाही वाटत?"

काउंटरमागच्या बाईंनी नाव वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"काका गेले?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांची मुलगी. बसा ना."

"मला बसायचं नाही."

"भरीस नव्हतो घालत हो. पहिल्याच दिवशी इथे येऊन सांगितलं होतं त्यांनी, मी काही जाणार नाही. मला बोट लागते, झोपाळ्यावर बसलो तरी पोटात ढवळतं. पण ब्रोशर मात्र चुकवू नका."

"मग कशाला हवी होती?"

"मुलीला जहाजांची फार हौस आहे, म्हणायचे. त्यापायी दर रविवारी येते. नाही म्हणून टाकलं तर कशाला येईल?"

काउंटरवर काचेच्या पेटीत एक छोटं पांढरं जहाज होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"त्यांचं ब्रोशर बंद करते," बाई हळूच म्हणाल्या. "पण त्याच पत्त्यावर दुसरंही जातं. कुणा बाईंनी फोन करून सुरू करायला सांगितलेलं. काकांना कळू देऊ नका म्हणाल्या होत्या. तेही बंद करू?"

तिने वरचं पाकीट उचलून छातीशी धरलं.

"मलाही बोट लागते, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.