मिठाची जागा

"काका, दोरीच्या आत यायचं न्हाई." राखीव दलाच्या जवानानं रायफल आडवी धरली.

"रान माझंच हाय," शिवप्पा म्हणाला.

"असंल. मला ऑर्डर हाय."

देवणीच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेलगतचं ते चार एकर रान. नांगराला सोन्याचे दोन होन लागल्याची बातमी मोबाइलवरून फिरली आणि पाच गावं टिकाव-फावडी घेऊन उतरली. एका खड्ड्याच्या मालकीवरून कुऱ्हाडी चालल्या, एक माणूस गेला, पोलिसांची जीप जाळली गेली. मग तुकडी आली आणि दोरी बांधली गेली. आता आत माणूस नव्हता. नुसते खड्डे होते. उद्या सकाळी ते जेसीबीनं बुजवायचे होते. यंत्र रस्त्यावर येऊन उभं होतं.

शिवप्पानं बंडीच्या खिशातून पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी काढून उघडली. आत लिंगायत गळ्यात बांधतात ते सुपारीएवढं काळं इष्टलिंग होतं.

"महानंदाचं हाय. माझी बायको. तीन सालामागं हितंच माती दिली तिला. आमच्यात जाळत न्हाईत साहेब, बसवून पुरतेत. हे डाव्या हातात ठिवून."

जवानाच्या छातीवरच्या पट्टीवर सुदर्शन असं नाव होतं. त्यानं रायफल खाली केली.

"आज सकाळी ओट्यावर कुणीतरी ठिवून गेलं. गावातलाच असंल. खणताना हाड दिसलं तसं भिऊन माती लोटली असंल, पर हे मोलाचं समजून नेलं. मग घरातल्या कुण्या म्हाताऱ्यानं वळखलं असंल."

"बरं, जागा दाखवा. मी ठिवतो."

"जागाच तर घावंना. वरचा दगड उपटला, बांध खणला. निम्मे खड्डे असेच अर्धवट बुजलेत. उद्या ते बी दिसायचे न्हाईत."

सुदर्शननं तंबूकडं पाहिलं. साहेब गावात जेवायला गेले होते. त्यानं दोरी वर उचलली.

"अर्धा तास."

शिवप्पा पहिल्या खड्ड्यात उतरला. तळाची चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला, वर आला. दुसऱ्यात उतरला.

"काका, सोनं जिभेवर कळतं व्हय?" सुदर्शन हसला. "आधी सांगायचं की! आमचा बंदोबस्त तरी वाचला असता."

"मीठ बघतोय," शिवप्पा खालूनच म्हणाला. "दोन पोती मीठ घातलं होतं तिच्याभवती. आमच्यात घालतेत."

सुदर्शन पुन्हा हसला नाही.

वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. दहावा झाला, पंधरावा झाला. बंडी पाठीला चिकटली. घाम मिशीतून ओठावर उतरत होता. एकविसाव्या खड्ड्यातून तो बराच वेळ वर आला नाही, तेव्हा सुदर्शन काठाशी गेला. म्हातारा माती तोंडात धरून बसला होता.

"लेकरा, माझी जीभ आता भरवशाची राह्यली न्हाई. घामानं समदंच खारट लागून राह्यलंय. तू जरा चाखून बघ."

"मी?"

"हितं दुसरं कोण हाय?"

सुदर्शननं रायफल पाठीला अडकवली आणि खाली उतरला. चिमूटभर माती जिभेवर ठेवली. शिवप्पा त्याच्या तोंडाकडं बघत होता. रस्त्याच्या वळणावर साहेबांच्या गाडीचा धुरळा दिसला. पुढे शंभरावर खड्डे उरले होते.

"खारट हाय, काका."

"हाव?"

"हाव. लई."

शिवप्पानं खड्ड्याच्या कडेला बोटांनी लहानसा कोनाडा उकरला. फडक्यानं पुसून लिंग आत ठेवलं.

सुदर्शन वर चढला आणि खड्ड्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. अठरा दिवस त्या रानातून माती वरच येत होती. आता त्याच्या पाठीमागं ती मुठीमुठीनं खाली पडत होती.