पर्समधली हवा

दिल्लीत नोव्हेंबरात सोयरीक जुळवायची, तर मुलगा नंतर, आधी घरातली हवा बघायची, असं माझ्या आत्याचं, राजरानी बुआचं, म्हणणं. म्हणून मला निपुणच्या घरी नेताना तिने पर्समध्ये हवा मोजायचं यंत्र दडवलं. निपुणच्या आईने, छाब्रा आंटींनी, खिडक्यांच्या फटींवर टेप लावली होती आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं मशीन घुमत होतं. बुआने हळूच पर्समध्ये डोकावून मला चिमटा काढला. "चाळीस! अगं, शिमला आहे शिमला! डोळे मिटून हो म्हण."

तेवढ्यात आंटी आमच्या स्वागताला धुपाटणं घेऊन आल्या. स्वयंपाकघरातून मिरचीच्या फोडणीचा लोट आला. पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून निपुणच्या आजोबांनी कॉइलही पेटवली. आणि बुआची पर्स किंचाळायला लागली. बुआ तिच्यावर बसली, तरी थांबेना!

निपुणला हसू आवरेना, मला खोकला. आंटींनी शांतपणे टेप ओढून खिडकी उघडली. बाहेरची दिल्लीची हवा आत आली, तसा आठशेचा आकडा चारशेवर उतरला आणि पर्स गप्प झाली.

बुआचा चेहरा लालबुंद. "माफ करा, बहनजी. चूक झाली."

"अहो, चूक कसली!" पिन्नीच्या लाडवांचं ताट पुढे करत आंटी म्हणाल्या. "गेल्या रविवारी तुमच्याकडे आले, तेव्हा माझ्याही पर्समध्ये होतं. तुम्ही धूप फिरवलात आणि नऊशेवर गेलं. फक्त मी घरून निघतानाच त्याचा आवाज बंद करून ठेवला होता."