पाण्यातलं शेत

दरवर्षी उपग्रहाच्या चित्रात धरणाच्या ऐन मध्यावर एक चौकोनी हिरवा तुकडा उमटायचा. संगणक त्याला शेत ठरवायचा. भर पाण्यात कुठलं आलंय शेत? रेवती वैतागायची आणि जमीन-वापराच्या नकाशावर तो तुकडा पुसून तिथे निळा रंग भरायची.

यंदा साहेबांनी हट्टच धरला, जागेवर जाऊन खात्री करा. म्हणून ती नावेत बसली होती. मोबाइलवरच्या खुणेपाशी पोचताच नावाड्याने वल्ही थांबवली. वारा अगदी पडला होता. पाण्यावर मात्र ओल्या कडब्याचा वास रेंगाळत होता.

"नकाशात इथं शेत दिसतं, मामा," ती हसत म्हणाली. "दरवर्षी मीच पुसते."

नावाडी हसला नाही. "आमच्या आज्याची ज्वारी ती. धरण झालं, गाव उठलं, आजा काय उठला न्हाई. अजून सपनात येतो. म्हणतो, पीक हुरड्यात आलं की कुणीतरी पुसून टाकतंय."

रेवतीने नकळत उजवा हात ओढणीखाली घेतला.

"लई दिस इचारत हुता, कोण ते." नावाड्याने दोन्ही वल्ही उचलली आणि पाण्यात सोडून दिली.