तुलनेचा नमुना

"आईच्या रक्तात तुझी एकही पेशी नाही," तिचा प्रयोगशाळेतला सहकारी ल्यूक म्हणाला.

वृषालीचा विश्वास बसेना. पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात नि वर्षानुवर्षं राहतात. त्याच काढून त्या बाळाचं मोठेपणी निकामी झालेलं मूत्रपिंड नव्यानं घडवायचं, हे तंत्र फ्रान्समधल्या या संस्थेत तिनंच रुळवलेलं. आज रोगी तीच होती.

"यंत्र बिघडलंय! मावशीचा नमुना लाव, तो कोराच निघायला हवा," ती करवादली. साताऱ्याहून आईसोबत हट्टानं आलेल्या बिनलग्नाच्या मावशीचं रक्त तुलनेपुरतं घेतलं होतं.

पडद्यावर हिरवे ठिपके चमकू लागले. सगळ्या वृषालीच्याच पेशी. तिनं नळीवरचं नाव पुन्हा वाचलं; मावशीचंच होतं.

दारात आई मान खाली घालून उभी होती. मावशीनं पुढं होऊन बाही वर सारली.

"हवं तेवढं घे," ती म्हणाली, "पण ताईला काही विचारू नकोस."